निशाणवाल्याचे केस

परवा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आमच्याकडे येऊन गेला. राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचं ते जुनं रंगवलेलं चित्र त्यानं भिंतीवरून काढायला लावलं, खिडकीशी नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पंधरा मिनिटांनी म्हणाला, "वा, रंग अजून काय टवटवीत आहेत! फक्त एक डोकं रंगवायचं राहिलंय." राहिलंय म्हणे! ते रंगवणाऱ्या आपोल्काच्या हातून? मला इतका राग आला की त्याला दिलेली कॉफी परत मागावीशी वाटली.

चित्रात माणसं एकशे बेचाळीस, घोडे तेवीस आणि कुत्रा एक. त्यातल्या कुणाचे मोजे कुठल्या रंगाचे, हे आपोल्काला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं अचूक सांगितलं असतं. हंगेरीच्या राजाला तेव्हा आमच्या पोझोन गावात मुकुट चढवत. त्या वर्षी समारंभ होता सप्टेंबरात, आणि ड्रेक्सलरच्या छापखान्यात मिरवणुकीचं चित्र तयार होतं जुलैतच. चित्राखाली ठळक छापलं होतं, 'प्रत्यक्ष पाहून काढलेले'. कसलं प्रत्यक्ष न् कसलं काय! शिंप्यांकडे जाऊन अंगरख्यांची कापडं बघायची, सरदारांच्या मोतद्दारांना घोड्यांचे रंग विचारायचे, कुठल्या मंडळाचं निशाण कोण धरणार ते लिहून आणायचं, की झालं प्रत्यक्ष. मिरवणूक संपताक्षणी लोकांच्या हातात चित्र पडायला हवं, दोन महिन्यांनी त्याला कोण कुत्रं विचारतं? सगळेच छापखाने हेच करत आणि बाहेर कुणी ब्र काढत नसे.

रंगाच्या टेबलाभोवती चार बायका बसत. एकीनं दिवसभर फक्त लाल लावायचा, दुसरीनं निळा, तिसरीनं पिवळा आणि हिरवा. कागद हातोहात पुढं सरकायचा आणि शेवटी आपोल्कापुढं यायचा. चेहरे आणि केस तिचे, कारण तिच्याइतका बारीक हात गावात दुसरा नव्हता. शिंपल्यांत रंग कालवलेले असत, पण त्यात पांढरा कधीच नसे. पांढरा म्हणजे मोकळा ठेवलेला कागद. म्हाताऱ्याचे पांढरे केस दाखवायचे तर डोकं तसंच सोडायचं आणि पातळ केलेल्या शाईच्या दोन राखी रेघा ओढायच्या, कानामागे एक, मानेवर एक. त्या नसल्या तर डोकं राहून गेल्यासारखं दिसतं. असल्या तरीही, ज्याला माहीत नाही त्याला दिसत नाहीत.

त्या साली खाटकांच्या मंडळाचं निशाण धरण्याचा मान तिच्या धाकट्या भावाला, गाश्पारला मिळाला होता. जुलैत तो रोज एकदा तरी छापखान्यात डोकावायचा.

"ताई, माझे केस जरा बेतानं लाल कर हं. गाजरासारखे नकोत. लोक आधीच हसतात."

"देवानं गाजर दिलंय तर गाजरच करणार. मी काय देवाच्या वर शिकले?"

"निदान पोट तरी आत घे माझं!"

"पोटासाठी चित्राचा ठसा कोरणाऱ्याकडे जा. मी फक्त रंग भरते."

आई गेली तेव्हा गाश्पार चार वर्षांचा होता आणि आपोल्का चौदाची. तिनं त्याला अक्षरशः ओच्यात घालून वाढवला. तिला कुणी मागणी घातली नाही असं नाही. दोघांनी घातली होती. पण त्यांना भाऊ नको होता, म्हणून तिला ते नको झाले. पुढं गाश्पार खाटकांच्या मंडळात गेला, त्यानं बोर्चाशी लग्न केलं, आणि त्या उन्हाळ्यात बोर्चाला दिवस गेलेले होते.

राज्याभिषेकाच्या दिवशी आपोल्का छापखान्याच्या वरच्या खिडकीत उभी होती. आमच्याकडे मोठ्या देवळापासून फ्रान्सिस्कन साधूंच्या देवळापर्यंत लाल-पांढरं-हिरवं कापड अंथरत आणि राजा त्यावरून चालत जाई. राजाचं पाऊल उचललं की मागचं कापड लोकांचं. सुऱ्या, कात्र्या, कोयते घेऊन माणसं दोन्ही बाजूंनी तुटून पडत, आणि राजाच्या टाचा सांभाळायला नोकरांची फळी मागं चाले. त्या कापडाचा तुकडा पाळण्यात घातला तर पोर जन्मात उपाशी राहत नाही, असं मानतात. त्या तुकड्यासाठी चांगली चांगली माणसं त्या दिवशी जनावरं होत.

खाटकांचं निशाण खिडकीखालून गेलं. ते गाश्पारच्या नव्हे, मंडळातल्याच म्हाताऱ्या आबेलकाकांच्या हातात होतं. टोपी नव्हती, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. गाश्पारला काय झालं असेल, एवढंच तिच्या मनात आलं आणि पुढच्या घोड्यांच्या गडबडीत ते विरूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर बसली. चाळीस प्रतींचे केस उरले होते. निशाणवाल्यापाशी कुंचला आला की तो आपोआप उचलला जाई, आणि राखी शाईत बुडे. कानामागे एक, मानेवर एक. विचार करून केलं असं नव्हे. डोळ्यांनी पाहिलं होतं ते हातानं केलं, बस्स. संध्याकाळपर्यंत चाळीसही प्रती वाळून दुकानात गेल्या.

त्याच दिवशी दुपारी गाश्पार आला होता. मनगट मुरगळलं म्हणून निशाण काकांना दिलं, म्हणाला. वीतभर कापड त्यानं तिच्यापुढं टाकलं. "मोठा तुकडा पाळण्याला ठेवलाय. हा तुझा."

पांढऱ्या पट्ट्यावर लाल डाग होता.

"हे काय?"

"वाइन. कारंज्यातून काल वाइन उडत नव्हती का?"

तिनं तो तुकडा टेबलावरच्या खिळ्याला अडकवला. तिसऱ्या दिवशी डाग तपकिरी झाला. रंगात हात घालून पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. मंजिष्ठेचा लाल लालच राहतो, वाइन निळसर करडी पडते. असा गंजासारखा तपकिरी होणारा लाल एकच. तोवर गावभर बातमी झाली होती : कापड कापताना कुणीतरी राजाच्या एका नोकराची दोन बोटं तोडली होती, आणि त्या जागी रक्तानं भरलेली फडकी हातात घेऊन उभा असलेला युरो नावाचा गाडीवान पकडला गेला होता. तो जखमेवर फडकी बांधत होता, असं तो सांगत होता. गाडीवानाचं कोण ऐकतो?

आपोल्कानं तुकडा खिळ्यावरून काढला, घरी नेला आणि चुलीत टाकला. त्यानंतर चार महिने ती मूग गिळून बसली. हे मी लपवत नाही, कारण पुढं तिनंही लपवलं नाही.

जानेवारीत खटला उभा राहिला. राजाच्या वाटेवर शस्त्र उगारलं म्हणजे सरळ फाशी. युरो एकच घोकत होता, "सुरीवाला लाल केसांचा होता." लाल केसांचा सुरीवाला खाटीक गावात एकच. पण खाटकांच्या मंडळानं मिरवणुकीचं चित्र नेऊन न्यायाधीशापुढं ठेवलं. हे बघा साहेब, आमचा गाश्पार निशाण धरून चाललाय, लाल केस, वाढलेलं पोट, सगळं आहे. खाली लिहिलंय वाचा, प्रत्यक्ष पाहून. मंडळातल्या एकवीस जणांनी शपथ घेतली. आबेलकाका ऑक्टोबरातच तापानं गेले होते, त्यामुळं त्यांना विचारायची सोयच नव्हती. ड्रेक्सलरनंही क्रुसावर हात ठेवून सांगितलं, की चित्र त्याच दिवशी, खिडकीत बसून काढलं. खरं सांगितलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं.

मग एके दिवशी न्यायालयाचा शिपाई आपोल्काच्या दारात आला. उद्या दहा वाजता, साक्षीला. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तासाभरात गाश्पार आणि बोर्चा येऊन हजर. बोर्चाच्या कुशीत दोन महिन्यांची मुलगी होती. आपोल्कानं दोघांना बसायला सांगितलं, पण बसलं कुणीच नाही.

"एकच वाक्य बोलायचंय, ताई," बोर्चा म्हणाली. "मालक बोलले तेच. चित्र त्या दिवशीचं आहे. मिटलं."

आपोल्कानं भावाकडं पाहिलं. "तू बोल. तुझ्या तोंडात काय बोळा कोंबलाय?"

"मी मारायला गेलो नव्हतो, ताई," गाश्पार जमिनीकडं बघत म्हणाला. "त्यानं कापड ओढलं, मी ओढलं. सुरी माझ्या हातात होती. कुणाच्या हातात नव्हती?"

"मग तिथंच थांबला का नाहीस?"

"घाबरलो."

"आणि मला वाइन म्हणून सांगितलंस. मला! रंगवालीला!" तिचा आवाज चढला. "बरं, त्या युरोचं काय?"

बोर्चानं पोरीला या हातावरून त्या हातावर घेतलं. "त्याला आहे कोण, ताई? ना बायको, ना पोर. आमच्याकडं बघा जरा."

"म्हणजे ज्याला कुणी नाही त्याचा गळा स्वस्त, असं ना?"

"तुम्हाला पोर असतं तर हे विचारलं नसतंत," बोर्चा फाडकन बोलून गेली.

आपोल्कानं गाश्पारकडं बोट केलं. "हा कोण आहे मग?" तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिनं दोघांनाही घराबाहेर काढलं.

सकाळी न्यायालय खच्चून भरलं होतं. एका बाजूला खाटकांचं अख्खं मंडळ बसलं होतं, त्यांच्यात गाश्पार. दुसऱ्या बाजूला बेड्या घातलेला युरो. थंडीनं त्याचे हात फुटले होते. टेबलावर चित्र पसरलेलं होतं आणि तो मान लांब करून त्यात काहीतरी शोधत होता. न्यायाधीशानं विचारलं, काय बघतोस?

"मी कुठं दिसतोय का, ते बघतो साहेब. मी होतो ना तिथं."

लोक खो खो हसले. गाडीवान म्हणे राजाच्या मिरवणुकीच्या चित्रात! आपोल्काला मात्र हसू आलं नाही. एकशे बेचाळीस माणसं तिनं रंगवली होती, आणि त्या दिवशी जखमी माणसाला फडकी बांधायला वाकलेला हा एकटा त्यात नव्हता.

तिनं शपथ घेतली. न्यायाधीशाला सर्दी झालेली होती. त्यानं नाक पुसलं आणि टेबलाखालून आणखी एक कागद काढून पहिल्याशेजारी ठेवला. तेच चित्र, दुसरी प्रत.

"ही माझ्या घरची. समारंभानंतर चार दिवसांनी बायकोनं आणली," तो म्हणाला. "काल जेवताना सहज लक्ष गेलं. मंडळाच्या प्रतीत निशाणवाल्याचे केस लाल आहेत. माझ्या प्रतीत रंगच नाही. केस तुम्हीच रंगवता ना, बाई?"

त्या चाळीसातली एक. त्या दिवशी हातानं परस्पर केलेलं काम, जे ती पार विसरूनही गेली होती, ते फिरून तिच्याच पुढ्यात आलं होतं.

"मीच रंगवते, साहेब."

"मग हे राहून गेलं का?"

झालं! न्यायाधीशानंच दार उघडून दिलं होतं. 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं. मंडळाच्या बाकांवर सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं. ड्रेक्सलर घाईघाईनं उठून म्हणाला, "राहतं साहेब, राहतं. एकशे बेचाळीस डोकी! बाईमाणूस थकतं." गाश्पारनं तिच्याकडं बघितलं. चार वर्षांचा असताना भूक लागली की तो असाच बघायचा, आणि तिनं कधी एकदाही त्याला नाही म्हटलं नव्हतं.

आपले दात आणि आपलेच ओठ. ती कागदावर वाकली. कानामागे एक, मानेवर एक. रेघा जागच्या जागी होत्या. भरल्या न्यायालयात त्या फक्त तिला दिसत होत्या, आणि ती गप्प राहिली तर जगबुडीपर्यंत कुणालाच दिसणार नव्हत्या. शेजारी युरो अजून चित्रातच बघत होता.

"बाई, मी काय विचारलं?"

"माझ्या हातून केस राहत नाहीत, साहेब," आपोल्का म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "ते केस पांढरे आहेत. पांढरा म्हणजे मोकळा कागद. कानामागे राखी रेघ आहे, उजेडात धरा."

न्यायाधीश कागद घेऊन खिडकीशी गेला. तो बराच वेळ परत आलाच नाही.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "कुणाचे केस हे?"

"आबेलकाकांचे. त्या दिवशी निशाण त्यांच्या हातात होतं. मी खिडकीतून पाहिलं."

"आणि ही लाल केसांची?"

"ती जुलैतली. मिरवणूक निघायच्या दोन महिने आधीची."

मग जो कल्लोळ उठला तो विचारू नका. ड्रेक्सलर "खोटं, खोटं" म्हणून ओरडत होता, खाटीक बाकं आपटत होते, कुणीतरी तिला घाणेरडी शिवी दिली. त्या गोंधळात गाश्पार उठून उभा राहिला. त्यानं फक्त "ताई" म्हटलं. मग न्यायाधीशाकडं वळून म्हणाला, "सुरी माझी होती. त्या गाडीवानाला सोडा."

युरो त्याच दिवशी सुटला. जाताना त्यानं आपोल्काकडं पाहिलंसुद्धा नाही. का पाहावं? चार महिने तो बेड्यांत होता आणि तेवढेच दिवस ती गप्प होती. गाश्पारसाठी मात्र मंडळानं अर्ज केले, एका सरदारानं शब्द टाकला, आणि फाशीच्या जागी नदीकाठच्या किल्ल्यात सहा वर्षं सक्तमजुरी झाली. युरोसाठी कोणता सरदार येणार होता? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं मात्र सगळ्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

आपोल्काची नोकरी गेली. खाटकांच्या आळीत तिला कुणी हाडूकही विकेना. बोर्चानं दार लावून घेतलं. दर महिन्याला आपोल्का खसखस भरलेल्या गोड रोटीच्या गुंडाळ्या करून धान्याच्या नावेबरोबर किल्ल्यावर धाडी. निरोप कधी आला नाही. घरी बसून ती संतांची छोटी चित्रं रंगवून पोट भरू लागली, आणि ड्रेक्सलरच्या रद्दीतून मिळालेली मिरवणुकीची एक कोरी प्रत तिनं स्वतःसाठी रंगवायला घेतली. एकशे एकेचाळीस माणसं पुरी झाली. निशाणवाल्यापाशी हात अडला. लाल घालावा तर खोटं. राखी रेघा ओढाव्यात तर न्यायालयातली तीच साक्ष पुन्हा द्यायची. तिच्यानं ते झालं नाही. तिनं डोकं कोरंच ठेवलं आणि चित्र भिंतीला लावलं.

सहा वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, दार वाजलं. दारात एक वाळलेला माणूस उभा होता. आपोल्कानं त्याला ओळखलं नाही. मग त्यानं टोपी काढली. चौतिसाव्या वर्षी डोक्यावर एक लाल केस उरला नव्हता.

"गुंडाळ्यांत खसखस कमी असायची," तो म्हणाला.

"नावेवरचे उंदीर ती खाऊन किती माजलेत, ते तू पाहिलं असशीलच," ती कशीबशी म्हणाली. मग दोघंही रडली.

तिनं सूप गरम केलं. तो खाऊन उठला आणि चित्रासमोर जाऊन उभा राहिला. पोट वाढलेला तो तरणा निशाणवाला त्यानं खूप वेळ बघितला.

"हा राहिला वाटतं."

"माझ्या हातून राहत नाही. ठेवलाय."

"कशासाठी?"

"मला ठाऊक नाही रे. नाही झालं माझ्यानं."

गाश्पारनं चित्र भिंतीवरून काढलं आणि टेबलावर तिच्यापुढं ठेवलं. शिंपला शोधून तिच्या हाताशी ठेवला. मग खिडकीजवळचं स्टूल ओढलं आणि तिच्याकडं पाठ करून, मान वाकवून बसला.

"काढ," तो म्हणाला. "या खेपेला प्रत्यक्ष पाहून."

तिला तेव्हा नीट दिसतही नव्हतं, डोळे सारखे भरत होते. ती त्याच्या मानेकडं बघत राहिली. मग तिनं शाईत पाणी घातलं, कुंचला ओठांत धरून टोक केलं आणि दोन रेघा ओढल्या, कानामागे एक, मानेवर एक.